पहिली स्लो-बर्न कादंबरी वाचताना

स्लो-बर्न रोमान्स म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या जवळ यायला पुस्तकाचा मोठा भाग घेतात अशी प्रेमकथा. नवा वाचक बहुधा शंभराव्या पानाच्या आसपास कंटाळतो आणि ‘अजून काहीच घडलं नाही’ म्हणून पुस्तक मिटतो. घडलेलं पुष्कळ असतं. ते कुठे शोधायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

गोव्यातल्या मराठी वाचकाला कादंबरीची आणि नाटकाची सवय लहानपणापासून असते. जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत बसून बघणाऱ्यांना धीर शिकवायला नको. पण त्या कथांमध्ये प्रेम हा सहसा एक धागा असतो, मुख्य विषय घर, जमीन, समाज किंवा इतिहास. इथे मात्र दोघांमधलं अंतर हाच विषय आहे आणि ते कसं कमी होत जातं हेच कथानक. नजर तिकडे वळवली की वाचन सोपं होतं.

पुस्तक निवडणं

मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘स्लो-बर्न’ असा शिक्का क्वचितच दिसतो, त्यामुळे पारख स्वतःच करावी लागते. इंग्रजीत हा शब्द मलपृष्ठावर किंवा ऑनलाइन वर्णनात सर्रास असतो, पण तो विक्रीसाठीही वापरला जातो. त्याच्यावर विसंबू नका.

पणजीत पाटोला असलेलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (त्याची सुरुवात १८३२ची) किंवा तुमच्या तालुक्याचं वाचनालय इथे कपाटापाशी उभं राहून पहिली वीस पानं वाचता येतात. ई-बुक घेणार असाल तर पहिली काही प्रकरणं नमुना म्हणून फुकट मिळतात. त्या पानांत तीन गोष्टी बघा. दोघांची गाठ पडली आहे का, किंवा लगेच पडेल अशी मांडणी दिसते का? दोघांना स्वतःचं काम, घर, काळज्या आहेत का, की ते फक्त प्रेमात पडण्यासाठी जन्माला आले आहेत? आणि दोघांनी एकत्र न येण्याला काही कारण दिसतं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते पुस्तक पहिल्या वाचनाला घेऊ नका.

या प्रकारात काही ठरलेल्या मांडण्या असतात: वैरातून प्रेम, मैत्रीतून प्रेम, जगाला दाखवायला केलेलं खोटं नातं, एकाच कचेरीत किंवा शेजारी राहावं लागणं, जुन्या जोडीला दुसरी संधी. नवख्याने ‘एकत्र काम करावं लागणं’ किंवा ‘खोटं नातं’ यांपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोट्या नात्याच्या कथेत दोघं सुरुवातीलाच नियम ठरवतात. त्या नियमांवर खूण करून ठेवा. कुठला नियम आधी मोडतो आणि कोण मोडतं, हे धरून वाचलं तर वाट चुकत नाही. मैत्रीतून प्रेम ही मांडणी सगळ्यात अवघड. तिथे दोघं आधीच जवळचे असल्यामुळे बदल फार बारीक असतात. ती तिसऱ्या-चौथ्या पुस्तकासाठी ठेवा.

कथा कुणाच्या मनातून सांगितली आहे तेही आधी पाहून घ्या. प्रकरणांच्या डोक्यावर आळीपाळीने त्याचं आणि तिचं नाव असेल तर दोघांची मनं उघडी असतात, वाचायला सोपं जातं. एकाच व्यक्तीच्या नजरेतून कथा असेल तर दुसऱ्याचं मन वागण्यावरून ओळखावं लागतं. त्यात मजा जास्त, पण मेहनतही जास्त.

एक गैरसमज इथेच दूर करू. स्लो-बर्न म्हणजे सोवळी कादंबरी नव्हे. वेग मंद असला तरी शेवटी शरीरसंबंधांचं सविस्तर वर्णन असू शकतं. वाचक त्याला ‘ओपन डोअर’ म्हणतात, आणि खोलीचं दार वाचकाच्या तोंडावर लागतं त्याला ‘क्लोज्ड डोअर’. हल्लीच्या रंगीत, चित्रमय मुखपृष्ठावरून यातलं काहीच कळत नाही. घरात शाळकरी मुलांच्या हाती पुस्तक जाणार असेल किंवा तुम्हाला स्वतःला ते नको असेल, तर घेण्यापूर्वी वाचकांची मतं चाळा. हे दोन शब्द तिथे हमखास सापडतात.

वेळेचा हिशेब

समकालीन रोमान्स कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांची असते, छापील ३०० ते ४०० पानं. मराठी सराईतपणे वाचणारा मिनिटाला दोनशेच्या आसपास शब्द वाचतो. इंग्रजी तितकं सवयीचं नसेल तर दीडशे धरा. नव्वद हजार शब्दांना दीडशेच्या वेगाने दहा तास लागतात. रोज पाऊण तास दिला तर दोन आठवड्यांत पुस्तक संपतं. पणजी-मडगाव शटलने रोज जाणाऱ्याला एका फेरीत वीस-पंचवीस पानं सहज होतात.

रोज दहा मिनिटं वाचणं मात्र या प्रकारात घातक ठरतं. रहस्यकथेत खून लक्षात राहतो, कितीही दिवस मध्ये गेले तरी. इथे लक्षात ठेवायचं असतं ते ‘आठव्या प्रकरणात त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली’ असं काही. चार दिवस खंड पडला की हे डोक्यातून जातं आणि पुढे त्या हाकेचा संदर्भ आला की पान कोरडं वाटतं. त्यामुळे बसाल तेव्हा निदान एक पूर्ण प्रकरण वाचा आणि प्रकरणाच्या मध्यावर थांबू नका.

उलट टोकही तितकंच वाईट. एका रात्रीत तीनशे पानं संपवणारा वाचक नकळत पहिलं चुंबन शोधत पळतो. मधली पानं नजरेखालून जातात, पण आत उतरत नाहीत, आणि तो क्षण आला की ‘एवढंच?’ असं वाटतं. एका बैठकीत शंभर पानांच्या पुढे जाऊ नये. ऑडिओबुक ऐकणार असाल तर वेग वाढवू नका. वाचणाऱ्याने घेतलेले थांबे हा संवादाचा भाग असतो आणि दीडपट वेगात नेमके तेच हरवतात.

पहिली पन्नास पानं: अडसर शोधा

पुस्तकखुणेसाठी घेतलेल्या कागदावरच तीन ओळी लिहा: तिला काय हवं आहे, त्याला काय हवं आहे, आणि दोघांच्या मध्ये काय उभं आहे. पन्नास पानांनंतर या ओळी भरता आल्या पाहिजेत. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण अख्खी कादंबरी त्या अडसरावर उभी असते.

अडसर दोन थरांचा असतो. बाहेरचा म्हणजे परिस्थितीचा: एकाच बढतीसाठी दोघं स्पर्धेत आहेत, ती सहा महिन्यांनी परदेशी जाणार आहे, दोन घरांत जुना तंटा आहे. आतला म्हणजे मनाचा: आधीच्या नात्यात बसलेला धक्का, स्वतःला कमी लेखणं, कुणावर अवलंबून राहण्याची भीती. बाहेरचा अडसर पहिल्या काही पानांत दिसतो. आतला लेखक उशिरा उघडतो, म्हणून त्याच्या खुणा जपून ठेवायच्या. एखादा विषय निघाला की पात्र हसून बोलणं फिरवतं, एखाद्या खोलीत पाऊल ठेवत नाही, ठरावीक माणसाचा फोन उचलत नाही. असं दिसलं की पान दुमडा किंवा बारीक रेघ मारा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठी घाला.

अडसर कसदार आहे का हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. दोघांनी पाच मिनिटं मोकळेपणी बोलून तो सुटला असता का? सुटला असता, आणि तरी लेखकाने तो दोनशे पानं ओढला असेल, तर ते पुस्तक कच्चं आहे. चांगल्या कादंबरीत बोलल्याने प्रश्न सुटत नाही, उलट बोलल्यावर तो नीट दिसतो.

परक्या समाजातली कथा वाचताना अडसर समजायला थोडी तयारी लागते. अमेरिकी कादंबऱ्यांत नुसतं भेटत राहणं, फक्त एकमेकांनाच भेटायचं ठरवणं आणि उघडपणे जोडीदार म्हणवणं या तीन वेगळ्या पायऱ्या असतात. त्यांतल्या एकीवरून दुसरीवर जाणं हाच तिथे मोठा प्रसंग असू शकतो. आपल्याकडे ‘ठरलं की नाही’ एवढाच प्रश्न विचारायची सवय, म्हणून नव्या वाचकाला त्या दोघांचं काय अडलंय तेच कळत नाही. आपल्याकडच्या कथेत अडसर बहुधा घरातून येतो: जात, धर्म, पत्रिका, आईचा शब्द. गोव्याच्या खेड्यात तर गुपित राखणं हाच एक अडसर, कारण फेरीबोटीवर कोण कोणाच्या बाजूला उभं होतं हे संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचलेलं असतं. अशी कथा वाचताना आजूबाजूची माणसं काय बघतात याकडे लक्ष ठेवा. त्यांच्या नजरेपायी दोघं किती आखडून वागतात त्यावर वेग ठरतो.

एक प्रसंग जवळून

खालचा उतारा या लेखासाठीच लिहिला आहे. केतकी चोडणच्या शाळेत शिक्षिका, सर्वेश वनखात्यात नोकरीला. दोघं रोज रायबंदरहून फेरीबोटीने जातात. समजा हे चौथं प्रकरण आहे.

“बोट लागायला अजून वेळ होता. पाऊस तिरपा येत होता. केतकीच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता.
‘द्या इकडे,’ सर्वेश म्हणाला.
‘नको. ओझं नाही होत.’
तो पुढे काही बोलला नाही. छत्री मात्र त्याने उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.
शाळेत पोचल्यावर तिने गठ्ठा सोडला. सगळ्यात वरची वहीसुद्धा कोरडी होती.”

घाईत वाचणाऱ्याला इथे पाऊस आणि नकार दिसतो. आता सावकाश बघा. तो मदत विचारतो, ती नाकारते आणि तो नकार मानतो. मग न विचारता, तिला जाणवणार नाही अशा बेताने, छत्री तिच्या बाजूला नेतो. त्याचा उजवा खांदा भिजला असणार, हे लेखकाने लिहिलेलं नाही. ते वाचकाने जोडायचं. केतकीला हे कळतं ते शाळेत, तो समोर नसताना. म्हणजे आभार मानायची वेळ निघून गेली आणि तिच्या मनात एक बाकी राहिली. स्लो-बर्नमध्ये कथा पुढे सरकते ती अशा बाक्यांवर. ‘नको, ओझं नाही होत’ यात तिचा आतला अडसरही डोकावतो: कुणाची मदत घ्यायची नाही.

आता एकोणिसावं प्रकरण धरा. तीच वेळ, तोच धक्का.

“सर्वेश आज गप्प होता. बोटीची साखळी खाली आली तशी केतकीने वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि पुढे चालू लागली. त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे.”

स्पर्श नाही, प्रेमाचा शब्द नाही. तरी पहिला प्रसंग ज्याच्या लक्षात आहे त्याला इथे मोठी गोष्ट घडलेली दिसते. जी मदत घेत नव्हती तिने न विचारता ओझं सोपवलं आणि मागे वळून पाहिलंही नाही. वळून न पाहण्यात भरवसा आहे. अशा जोड्या शोधणं हे या वाचनातलं मुख्य काम. जागा तीच, वस्तू तीच, वागणं बदललेलं. एखादी वस्तू किंवा कृती दुसऱ्यांदा आली की मागचं पान उघडून पहिला प्रसंग पुन्हा वाचा. दोन मिनिटं जातात आणि पुस्तक दुपटीने खुलतं.

याच पद्धतीने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ लिहा: आज दोघांत काय बदललं? एकाला दुसऱ्याबद्दल नवं काही कळलं, संबोधन बदललं, एकाने दुसऱ्यासाठी सवय मोडली, खोटं बोलला, किंवा जवळ येऊन मागे सरला. मराठी कथेत ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठे होतं ते पान लिहून ठेवा. इंग्रजीत आडनावावरून नावावर आणि नावावरून लाडक्या नावावर येतात. सलग तीन प्रकरणं लिहायला एकही ओळ सापडली नाही तर दोष बहुतेक वेळा पुस्तकाचा असतो.

मधला टप्पा

पुस्तकाच्या चाळीस ते साठ टक्क्यांत बहुतेक स्लो-बर्न कथांचं वळण येतं: पहिलं चुंबन, कबुली, किंवा तोंडावर आलेली कबुली गिळणं. जुनं उदाहरण घ्यायचं तर जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ६१ प्रकरणं आहेत. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात, आणि ती नाकारली जाते. दुसरी येते ५८व्यात. मधली तेवीस प्रकरणं तो नकार दोघांना आतून कसा बदलतो याची आहेत. आजच्या कादंबऱ्याही साधारण याच मोजमापाने चालतात, म्हणून निम्म्या पुस्तकापर्यंत काही न मिळाल्यास धीर सोडू नये.

जवळिकीचा क्रम बघा: आधी लक्ष जातं, मग काळजी, मग चुकून झालेला स्पर्श, मग ठरवून केलेला. प्रत्येक पावलानंतर एकजण थोडा मागे हटतो. नव्या वाचकाला हे मागे हटणं लेखकाचं चालढकल करणं वाटतं. त्याआधीची दोन पानं पुन्हा वाचा. मागे हटणाऱ्याच्या आतल्या अडसराला तिथे कुठेतरी बोट लागलेलं असतं. तसं काही सापडलं नाही तर मात्र ते लांबण लावणंच आहे.

इथे एक इशारा. दुसऱ्याचा नकार मोडून काढणं, पाळत ठेवणं, रागाच्या भरात हात धरणं यांना काही पुस्तकं ओढ म्हणून खपवतात. उताऱ्यातल्या सर्वेशने ‘नको’ ऐकून हात मागे घेतला, हे वेगाइतकंच महत्त्वाचं आहे. ज्या कथेत ‘नाही’ला किंमत नाही तिथे वाट पाहण्यालाही अर्थ उरत नाही.

शेवटचा चतुर्थांश

पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या दरम्यान दोघं दुरावतात. हे जवळजवळ ठरलेलंच. वैतागून पुस्तक मिटू नका, पण कागदावरची तिसरी ओळ काढून ताडून बघा. दुरावा त्याच आतल्या अडसरातून आला असेल तर तो प्रामाणिक. अचानक उगवलेली जुनी प्रेयसी, अर्धवट ऐकलेला फोन, चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी यांतून आला असेल तर लेखकाकडचं सामान संपलं होतं असं समजा.

शेवट गोड असणार हे या प्रकारात आधीच ठाऊक असतं. दोघं कायमचे एकत्र येतात, किंवा निदान सध्यापुरते सुखात दिसतात. त्यामुळे शेवटचं पान आधी उघडलं तरी ‘काय’ कळतं ते नवीन नसतं. ‘कसं’ मात्र हातचं जातं, म्हणून उघडू नका. समेट वाचताना विचारायचं एवढंच: चुकलेल्याने नुसती माफी मागितली, की जे करणं त्याला सर्वांत जड जात होतं ते केलं? स्टेशनवरची धावपळ आणि फुलांचे गुच्छ दिसायला छान असतात, पण वजन असतं ते दुसऱ्या गोष्टीला. उपसंहार असेल तर तो त्याच दिवशी वाचू नये. एक रात्र जाऊ द्या.

कधी सोडावं

मंद आणि रेंगाळलेलं यांत फरक आहे. भागाभागांनी येणाऱ्या ऑनलाइन मालिकांत तो विशेष दिसतो. प्रत्येक भागाचा शेवट ताणलेला, पण पुढच्या भागात सगळं जागच्या जागी. तिथे दहा भागांनंतर तुमच्या ‘काय बदललं’च्या ओळी वाचून बघा. त्याच त्या ओळी फिरून येत असतील तर सोडून द्या. छापील पुस्तकाला तीस टक्के पानांची संधी द्यावी. तोवर अडसर कळला नाही, दोघांपैकी एकाबद्दलही आस्था वाटली नाही, तर पुस्तक वाचनालयात परत करा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा अपराधीपणा बाळगून पुढचं वाचन होत नाही.

दुसरं पुस्तक घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मांडणी तीच ठेवून लेखक बदला, किंवा लेखक तोच ठेवून दोन मनांऐवजी एकाच मनातून सांगितलेली कथा घ्या. सगळंच एकदम बदललं आणि पुस्तक आवडलं नाही, तर नेमकं काय आवडलं नाही ते सांगता येत नाही. पहिल्या पुस्तकाचा तो तीन ओळींचा कागद टाकून देऊ नका. दुसऱ्याचा अडसर लिहिताना शेजारी ठेवला की कुणाचा कसदार आणि कुणाचा पोकळ ते तिथल्या तिथे दिसतं.